विजेची मोटार

२९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या एका सरळ रस्त्यावर जनात्झी नावाच्या बेल्जियन चालकाने आपली मोटार भरधाव सोडली. त्या दिवशी जगात प्रथमच एका मोटारीने ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. आश्चर्य असे, की त्या मोटारीत पेट्रोलचा एक थेंबही नव्हता. ती विजेवर चालत होती!

मग पुढे शंभर वर्षे रस्त्यांवर पेट्रोलचेच राज्य कसे झाले? याचे उत्तर विजेच्या साठवणीत आहे. त्या काळच्या बॅटऱ्या शिशाच्या असत. त्या वजनाने भारी, आणि त्यांत वीज मावे ती थोडी. काही अंतर जाताच बॅटरी रिकामी होई आणि ती पुन्हा भरण्यास कित्येक तास लागत. पेट्रोलची टाकी मात्र काही मिनिटांत भरे. पेट्रोलचे इंजिन सुरू करताना हाताने दांडा फिरवावा लागे, एवढीच काय ती मोठी अडचण होती. १९१२ साली अमेरिकेत इंजिन विजेच्या साहाय्याने सुरू करण्याची सोय निघाली आणि तीही दूर झाली. विजेची मोटार मागे पडली.

ती पुन्हा पुढे आली, याचे श्रेय लिथियम-आयन बॅटरीला आहे. ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली. वजनाने हलकी असूनही ती शिशाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक वीज साठवते. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विजेच्या मोटारीचा खरा गुण काटकसरीचा आहे. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकांच्या उपयोगी पडतो. बाकीची बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या मोटारीत तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा कामी येते. शिवाय उतारावर वेग आवरताना तिची चाके मोटरला फिरवतात, मोटरचे जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते.

असे असेल, तर साऱ्यांनीच पेट्रोलची मोटार टाकून विजेची घ्यावी काय? याचा विचार करताना नॉर्वे या देशाचे उदाहरण उपयोगी पडते. २०२४ साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. त्याच वर्षी तेथील विजेच्या मोटारींची एकूण संख्या पेट्रोलच्या मोटारींहून अधिक झाली. हा बदल एका दिवसात घडला नाही. तेथील सरकारने १९९० पासून विजेच्या मोटारींना करांत सवलती दिल्या. पुष्कळ कुटुंबांना घरापाशीच मोटार उभी करण्यास जागा असते. डोंगरांतून कोसळणाऱ्या पाण्यावर त्या देशात भरपूर वीज निर्माण होते. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची शक्ती घटते, हा तोटा तेथेही आहेच. परंतु सोयी अधिक असल्याने लोकांनी तो पत्करला.

नॉर्वेला जे साधले, ते दुसरीकडे तसेच्या तसे साधेल असे नाही. विजेची मोटार घेणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, मोटार रोज किती अंतर जाणार? मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटात सुमारे सहा किलोमीटर जाते. कामावर जाऊन येण्याचे अंतर ३६ किलोमीटर असेल, तर दिवसाला सहा युनिट वीज पुरते. आपल्या गावातील पेट्रोलचा भाव आणि घरच्या विजेचा दर घेऊन हा हिशेब कोणासही मांडता येईल. मात्र मुंबईहून ७०१ किलोमीटरांच्या समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचे असेल, तर वाटेत थांबून बॅटरी भरावी लागते, आणि त्यात पेट्रोल भरण्यापेक्षा बराच अधिक वेळ जातो.

दुसरा प्रश्न, मोटार रात्री कोठे उभी राहणार? घरच्या मोठ्या प्लगमधून ताशी सुमारे तीन युनिट वीज मिळते. ज्याच्या अंगणात असा प्लग आहे, त्याची दिवसभराची गरज दोन तासांत भागते. परंतु चाळीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि मोटार रस्त्याच्या कडेला लावणाऱ्या माणसाने वीज कोठून आणावी? त्याच्यासाठी सार्वजनिक केंद्रे हवीत. स्कूटरची बॅटरी लहान असते आणि ती साध्या प्लगवरही भरते. म्हणून आपल्याकडे हा बदल स्कूटरला अधिक सोपा आहे.

तिसरा प्रश्न, ती वीज येते कोठून? एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. विजेची मोटार रस्त्यावर धूर सोडत नाही. पण वीजकेंद्राच्या धुराड्याचे काय? कोयनेची वीज पाण्यापासून मिळते, तर चंद्रपूरची कोळशापासून; आणि भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच आहे. बॅटरी घडवतानाही पुष्कळ ऊर्जा खर्च होते. तिच्यासाठी लागणाऱ्या कोबाल्टचा मोठा भाग आफ्रिकेतील काँगो देशातून येतो, आणि तेथील काही खाणींत लहान मुलेही राबतात. म्हणजे विजेची मोटार जन्मताच डोक्यावर कर्ज घेऊन येते. हजारो किलोमीटर धावून ती ते फेडते. वीज जितकी स्वच्छ, तितके ते लवकर फिटते.

म्हणून या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जी मोटार रोज धावते, रात्री घरापाशी उभी राहते आणि स्वच्छ विजेवर भरते, ती आजच पेट्रोलला निरोप देऊ शकते. इतरांची वाट मोकळी व्हायची, तर आधी इमारतींत, रस्त्यांवर आणि वीजकेंद्रांत बदल झाला पाहिजे. मोटार बदलणे हे एका कुटुंबाचे काम आहे. पण तिला स्वच्छ वीज आणि उभे राहण्यास जागा देणे हे साऱ्या समाजाचे काम आहे.