अपुऱ्या आज्ञावलीचे प्रकाशन

नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून जनतेच्या हरकती व सूचना मागविण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. मुक्त स्रोत संगणक प्रणालीही पुष्कळदा अशाच मसुद्याच्या अवस्थेत लोकांसमोर ठेवल्या जातात. मूळ संहिता, म्हणजे आज्ञावलीचा वाचता येईल असा मजकूर, खुली असल्यामुळे येथे हरकत घेणारा दुरुस्तीही स्वतः करून पाठवू शकतो.

लिनक्स हे याचे ठळक उदाहरण होय. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कामाची वार्ता इतरांस कळविली आणि सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती खुली केली. सुमारे दहा हजार ओळींची ही संहिता मिनिक्स या दुसऱ्या प्रणालीच्या आधारावाचून वापरता येत नसे. अशा अर्धवट वस्तूचा कोणास काय उपयोग, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच वर्षाअखेरीस जर्मनीतील एका वापरकर्त्याने आपली अडचण कळविली. त्याच्या संगणकाची स्मृती अवघी दोन मेगाबाइट असून तेवढ्यात काम भागत नव्हते. तेव्हा स्मृतीतील मजकूर तात्पुरता डिस्कवर हलविण्याची सोय करण्यात आली. मिनिक्समध्येही ती नव्हती. काम बंद दाराआड पूर्ण होईपर्यंत थांबले असते, तर ही गरज इतक्या लवकर कळली नसती.

प्रकाशनाच्या अटींतही दोष होता. प्रतीसाठी पैसे घेण्यास मनाई असल्याने, प्रती करून वाटणाऱ्यांना फ्लॉपीचा खर्चदेखील मागता येईना. म्हणून १९९२ च्या आरंभी ग्नू सार्वजनिक परवाना स्वीकारण्यात आला. त्यानुसार मूल्य घेण्यास मुभा आहे. मात्र बदललेली प्रणाली इतरांस देणाऱ्याने तिची संहिताही दिली पाहिजे.

१.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली, तेव्हा ओळींची संख्या सुमारे पावणेदोन लाख झाली होती. तत्पूर्वीचे शून्याने आरंभ होणारे क्रमांक ही एक प्रामाणिक सूचनाच होती. ही सूचना दडवून अपुरी प्रणाली 'तयार' म्हणून देणे ही वेगळी गोष्ट असून ती समर्थनीय नाही.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये ई-प्रशासनात मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे आवृत्ती-क्रमांक पाहण्याची सवय कार्यालयांनाही उपयोगी ठरेल. शाळेतील प्रयोगासाठी ०.५ आवृत्ती घेण्यास प्रत्यवाय नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी किंवा करआकारणीचे दप्तर मात्र तिच्या हवाली करू नये. शिवाय दोष आढळल्यास तो कोठे कळवावयाचा आणि दुरुस्ती स्वीकारणारा कोणी आहे किंवा नाही, याची चौकशी आधीच करावी.