चिकटवायला एक, कापायला सहा

पार्टिकल बोर्ड कापला की त्याचं पोट उघडं पडतं. वरून-खालून अक्रोडाच्या रेषा हुबेहूब छापलेला मेलामाइनचा कागद. मध्ये मात्र लाकडाचा चुरा, दोन्ही अंगांना बारीक आणि गाभ्यात भरड. पाणी शिरतं ते इथून. वर चहा सांडला तर पुसून घेता येतो. कडेला ओलं फडकं रोज टेकत राहिलं तर काही महिन्यांत चुरा फुगतो आणि नंतर वाळला तरी पूर्वीच्या मापाला येत नाही. म्हणून या कडेवर पीव्हीसीची पट्टी चढवायची. कागदोपत्री ती एज बँड, कामावर सगळ्यांच्या तोंडी नुसती टेप.

साइटवरचा सुतार हे हातानं करतो. कडेला आणि टेपला रबरी चिकट लावायचं, ते सुकू द्यायचं, टेप दाबत न्यायची, वाढलेला भाग ब्लेडनं काढायचा आणि कानस फिरवायची. एखाद्या टेबलापुरतं ते छान होतं. पण एका मॉड्युलर किचनला तीस-चाळीस फळ्या आणि शे-दीडशे कडा असतात. तिथे पहिल्या कडेची सफाई शेवटच्या कडेपर्यंत टिकणं अवघड.

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम वर्कशॉपात मी हे काम यंत्रावर पाहिलं. सहा-सात मीटर लांबीचं, झाकणं मिटलेलं यंत्र. एका टोकाला उघडी फळी आत जाते आणि दुसऱ्या टोकाला कड बांधून बाहेर येते. मधलं दुरून काहीच कळत नाही. ऑपरेटरनं आतले दिवे लावले तेव्हा टप्पे वेगळे दिसू लागले. चिकटवणारा टप्पा एकच, हातभर लांबीचा. त्याच्या पुढे सहा टप्पे नुसते कापणारे आणि खरवडणारे.

कापणं खरं तर चिकटवण्याच्याही आधी सुरू होतं. पॅनल सॉवर फळी कापताना मुख्य पात्याच्या पुढे एक छोटं पातं खालच्या कागदावर आधीच खाच पाडत जातं, म्हणजे कागदाचे टवके उडत नाहीत. पण दोन पाती केसभर जरी मागेपुढे असली तरी कडेवर बारीक पायरी राहते. त्या पायरीवर टेप लावली तर आयुष्यभर रेघ दिसते. म्हणून फळी यंत्रात शिरताच उलटसुलट फिरणारे दोन हिऱ्याचे कटर, मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या वेगानं, कडेचा अर्धा ते एक मिलिमीटर भाग उडवतात. एक कटर फळीची सुरुवात सांभाळतो, दुसरा शेवट, नाहीतर कोपरा फुटतो. तेवढं माप फळी कापतानाच जास्त धरावं लागतं. ड्रॉइंग करणारा हे विसरला तर सगळी कपाटं नेमकी तेवढी आखूड होतात.

मग ग्लू. तो दाण्यांच्या रूपात पिशवीतून येतो आणि भांड्यात साधारण दोनशे अंशांवर वितळतो. उभा फिरणारा रोलर तो कडेला फासतो. त्याच क्षणी बाजूच्या तबकडीवरची टेप येऊन भिडते. एक मोठा आणि पाठोपाठ दोन-तीन लहान रोलर तिला दाबतात. फळी मिनिटाला बारा-पंधरा मीटरच्या चालीनं पुढे जात असते, म्हणजे फासणं आणि दाबणं यांत सेकंदसुद्धा जात नाही. एवढ्यात जे झालं ते झालं. पुढचे टप्पे कड कितीही चकचकीत करोत, इथे कच्चं राहिलेलं काम पुढे पक्कं होत नाही.

अठरा एमएमच्या फळीला बावीस एमएमची टेप लावतात, म्हणजे दोन्ही अंगांना दोन-दोन एमएम बाहेर. सुताराच्या मापात प्रत्येक बाजूला अर्ध्या सुतापेक्षा थोडं जास्त. हे मुद्दाम वाढवलेलं आता काढायचं. आधी दोन छोट्या करवती टेपची पुढची आणि मागची शेपटी उडवतात. त्या तिरप्या घसरपट्टीवर बसवलेल्या असतात आणि धावत्या फळीबरोबर धावत जाऊन कापतात. मला सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभं राहावंसं वाटलं. फळ्या एकमेकींना चिकटून सोडल्या तर करवतीला परत जागेवर यायला सवड मिळत नाही आणि पुढची फळी तिच्यावर आदळते, म्हणून यंत्रच दोन फळ्यांत अंतर ठेवतं. मग वरखालची ढोबळ छाटणी, मग बारीक छाटणी. अठराची म्हणून आलेली फळी नेमकी अठरा असतेच असं नाही. म्हणून प्रत्येक कटरसोबत एक चाक फळीच्या पाठीवरून फिरतं आणि कटर त्याच्या मागे वरखाली होतो. पुढचा टप्पा चार कोपरे गोल करतो.

कटर फिरतो, त्यामुळे तो कडेवर बारीक लाटा सोडतो. डोळ्यांना दिसत नाहीत, नखाला लागतात. स्क्रॅपरचं स्थिर पातं त्या लाटा सोलून काढतं आणि पीव्हीसीचा केसासारखा अखंड धागा निघत राहतो. ऑपरेटर तो धागा चिमटीत धरून पाहतो. सलग आणि सारख्या जाडीचा निघाला तर पातं बरोबर बसलंय. तुटक निघाला तर थांबायचं. शेवटी सपाट पातं फळीवर आलेला ग्लू खरवडतं आणि कापडी चाकं कड पुसून देतात.

हा ऑपरेटर आधी साइटवर सुतारकाम करायचा. यंत्राचं कौतुक त्याला बेताचंच. "सर, चकाकी बघू नका, टेप ओढून बघा," तो म्हणाला. त्यानं गार झालेल्या एका तुकड्याची टेप पक्कडीनं ओढली. टेपबरोबर लाकडाचा चुरा उपटून आला. हे पास. मग नापासाचे दोन प्रकार सांगितले. ग्लू फळीवरच राहिला आणि त्यावर रोलरची नक्षी जशीच्या तशी असली, तर टेप येईपर्यंत तो गार झाला होता किंवा दाब कमी पडला. ग्लू टेपबरोबर निघून आला आणि फळी कोरडी राहिली, तर कडेवर धूळ होती किंवा फळीच थंड होती. डिसेंबरच्या सकाळी हा दुसरा प्रकार हमखास होतो. रात्रभर शेडमध्ये गारठलेली फळी ग्लूची ऊब क्षणात ओढून घेते. मग पहिला तासभर तो फळ्या आतल्या बाजूला आणून ठेवतो आणि तोवर हार्डवेअरची कामं उरकतो.

चहाच्या सुट्टीत ग्लूचं तापमान उतरवून ठेवायचं हाही त्याचा नियम. तासन् तास तापत राहिलेला ग्लू करपतो, त्यात काळे कण येतात आणि पांढऱ्या फळीवर ते लगेच दिसतात. मालकाला ग्लू पुन्हा तापवण्यात जाणारा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मला ऑपरेटरचं पटलं.

हा नेहमीचा ईव्हीए ग्लू. उष्णतेनं वितळलेला, म्हणून उष्णतेनं पुन्हा मऊही होणारा. शेगडीच्या बाजूच्या शटरची टेप सुटते ती बहुतेक यामुळे. पीयूआर नावाचा दुसरा ग्लू कमी तापमानाला वितळतो आणि मग हवेतला, लाकडातला ओलावा पिऊन कायमचा घट्ट होतो. नंतर त्याला ना वाफ सोडवते ना पाणी. कोकणात किंवा मुंबईत किचन द्यायचं तर मी पीयूआरच मागेन. पण तो दिवसअखेर भांड्यातून पूर्ण काढावा लागतो, नाहीतर भांड्यातच दगड होतो. त्यामुळे लहान वर्कशॉप त्याच्या वाटेला जात नाहीत. ग्लू नकोच, अशीही पद्धत आहे. टेपच्या पाठीवरचा पातळ थर लेझरनं वितळवून टेप थेट फळीवर दाबायची. होमाग या जर्मन कंपनीनं 2009 मध्ये हॅनोव्हरच्या लिग्ना प्रदर्शनात ती दाखवली. त्यात ग्लूची रेघच राहत नाही.

प्रत्येक फळीवर बारकोडचं स्टिकर असतं आणि त्यावर कोणत्या बाजूंना टेप लावायची याच्या खुणा. किमतीचा खेळ इथे चालतो. दर्शनी कडेला दोन एमएमची टेप, आतल्या कडांना पाऊण-एक एमएमची, हे रास्त आहे. पण कोटेशन खाली आणायचं तर कपाटाच्या तळाची आणि भिंतीकडची कड उघडीच ठेवतात. ती कुणाला दिसत नाही, आणि फरशी पुसताना पाणी पहिल्यांदा तिथेच लागतं. हे ग्राहकाला न सांगता करणं मला लबाडीच वाटते.

यंत्राच्या हाती न लागणाऱ्या कडाही असतात. ते सरळ रेषेत चालतं, त्यामुळे गोल टेबलाची कड अजून हातानंच होते. वीतभर लांबीपेक्षा लहान तुकडा फळी ओढणाऱ्या पट्ट्याच्या पकडीत बसत नाही, तोही हातानं. आणि सिंकखालच्या कपाटाच्या पाठीला पाइपसाठीचं भोक, ते तर साइटवर गेल्यावर पाडतात. दोनशे अंशांचा ग्लू, हिऱ्याचे कटर, सगळे सोपस्कार होऊन आलेल्या फळीत फिटर ड्रिलला होल-सॉ लावून भोक पाडतो, पाइप घालतो आणि निघून जातो. आतली भुसभुशीत कड तशीच उघडी. ऑपरेटरनं मला निघताना सांगितलं, किचन बसलं की आधी ट्रॉलीचा चॅनल बघू नका. टॉर्च घेऊन सिंकखाली वाका, भोकाच्या कडेला सिलिकॉन भरलंय का बघा, आणि नसेल तर फिटर जिना उतरायच्या आत त्याला हाक मारा.