युद्धाचे निमित्त आणि युद्धाचे कारण

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा कथन केला आहे. शाक्य व कोलिय यांच्या सेवकांत मारामारी झाली; दोन्हींकडची माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाचे म्हणणे एवढेच होते की, दोष कोणाचा याची आधी चौकशी व्हावी. ते बहुमताने फेटाळले गेले. इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना तीच चौकशी १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाची करावयास सांगतो.

स्पेनचे सिंहासन रिकामे होते. प्रशियाच्या राजघराण्याचा नातलग लिओपोल्ड याचे नाव त्यासाठी पुढे आले, तेव्हा फ्रान्सने आक्षेप घेतला आणि १२ जुलै रोजी उमेदवारी मागे घेण्यात आली. तंटा वस्तुतः येथेच मिटला होता. परंतु दुसऱ्याच दिवशी फ्रेंच राजदूताने एम्स येथे प्रशियाचा राजा विल्हेल्म याला गाठले आणि अशी उमेदवारी यापुढे कधीही मान्य करणार नाही, असे वचन मागितले. राजाने ते सौजन्याने नाकारले. या भेटीची तार बर्लिनला पोहोचली, तेव्हा बिस्मार्क सेनानी मोल्टके व युद्धमंत्री रून यांच्यासह भोजनास बसला होता. त्याने तारेचा मजकूर असा छाटला की, सभ्य नकार उद्धट अपमान वाटावा, आणि तो लगोलग प्रसिद्ध केला. १९ जुलै रोजी फ्रान्सने युद्ध पुकारले.

अपमान हे निमित्त. कारण निराळे होते. बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग, बाडेन ही दक्षिणेकडील राज्ये उत्तर जर्मन संघाबाहेर होती. फ्रान्स आक्रमक दिसला तरच ती प्रशियाच्या छत्राखाली येणार होती. तिकडे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीला वाढता विरोध होत होता व तिला प्रतिष्ठा हवी होती. सापळा बिस्मार्कने लावला हे खरे. पण त्यात पाय घालण्याची घाई पॅरिसलाही होती, हे पाठ्यपुस्तके बहुधा सांगत नाहीत.

१५ जुलै रोजी फ्रेंच संसदेत तिएर या वृद्ध सदस्याने मूळ कागदपत्रे दाखविण्याची मागणी केली. त्याला देशद्रोही म्हणून ओरडून बसविण्यात आले. (याच तिएरने पुढे पॅरिस कम्यून रक्तात बुडविला; तेव्हा त्याला संत मानण्याचे कारण नाही.) जर्मन संसदेत बेबेल हा लाकूड कातणारा कारागीर आणि त्याचा सहकारी लीबक्नेख्ट युद्धखर्चाच्या मतदानात तटस्थ राहिले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी विरोधी मत दिले. १८७२ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने राजद्रोहाच्या आरोपावरून दोघांनाही दोन वर्षांची कैद सुनावली. सिद्धार्थालाही सेनापतीने कुटुंबाच्या सामाजिक बहिष्काराची व जमीनजप्तीची धमकी दिली होती. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या घरांतील मुलांना आम्हांस कधी समजावून सांगावे लागले नाही.

दरम्यान, १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. बिस्मार्कला हवे होते ते मिळाले. फ्रान्सने अल्सास व लोरेनचा काही भाग गमावला, शिवाय पाच अब्ज फ्रँक दंड भरला.

गेल्या वर्षी नववीतील एका मुलीने विचारले, “सर, न छाटलेली तार लोकांना वाचायला केव्हा मिळाली?” जर्मन संसदेत चॅन्सलर काप्रिवीने ती वाचून दाखविली १८९२ मध्ये. तिने वहीत वजाबाकी केली आणि शेजारणीला दाखविली : बावीस वर्षे.