स्वतःच वंगण पुरवणारं लाकूड

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पंख्यावर चालणाऱ्या आगबोटी आल्या आणि सोबत एक डोकेदुखी घेऊन आल्या. पंख्याचा दांडा बोटीच्या मागच्या अंगाने जिथून बाहेर पडतो, तिथली धातूची बेअरिंग भराभर झिजत. ग्रिनिचचे अभियंते जॉन पेन यांनी १८५४ मध्ये त्यावर उपाय शोधला तो लाकडाचा. बेअरिंगला आतून लिग्नम व्हायटीच्या पट्ट्या बसवायच्या आणि मधल्या फटींतून समुद्राचं पाणी खेळतं ठेवायचं. पुढे शंभराहून अधिक वर्षं असंख्य जहाजांचे दांडे याच लाकडावर फिरले.

हे लाकूड मिळतं ग्वायकम या प्रजातीतल्या झाडांपासून. कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा हा त्यांचा मुलूख. त्यातल्याच एका झाडाचं निळं फूल जमैकाचं राष्ट्रीय फूल आहे. झाड लहानसं आणि अतिशय सावकाश वाढणारं, पण लाकूड एवढं घट्ट की पाण्यात टाकलं तर थेट तळ गाठतं. वजनाला ते सागाच्या जवळजवळ दुप्पट, तर कडकपणात सुमारे चौपट भरतं. गाभ्यात भरपूर तेलकट राळ असते. घर्षणाने ती पृष्ठभागावर येते आणि वंगणाचं काम करते.

इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसन या सुताराने या गुणाचं सोनं केलं. त्या काळी घड्याळातलं तेल कालांतराने घट्ट होई आणि घड्याळ अडे. हॅरिसनने १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्कसाठी मनोऱ्यावरचं घड्याळ घडवताना घासणारे भाग लिग्नम व्हायटीचे केले. त्याला तेल द्यावं लागत नाही. ते घड्याळ आजही चालतं.

कारागिराची मात्र हे लाकूड परीक्षाच पाहतं. रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्याने रंधा मारताना कपचे उडतात, पटाशीची धार लवकर बोथटते. राळेमुळे सरस नीट धरत नाही, म्हणून जोड देण्याआधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो. लेथवर मात्र ते सुरेख कातलं जातं आणि पॉलिश न लावताही चमकतं. ताजा काप उजेडात राहिला की हळूहळू हिरवट होतो.

जहाजांच्या कप्प्या, सुतारांचे लाकडी हातोडे, पोलिसांचे दंडुके अशी त्याची कितीतरी रूपं आहेत. वाऱ्याने क्रिकेटच्या बेल्स उडू लागल्या, तर पंच ज्या जड बेल्स ठेवतात, त्याही बरेचदा याच लाकडाच्या असतात.

या बेसुमार मागणीपुढे सावकाश वाढणारी झाडं टिकणं कठीणच होतं. २००३ पासून ग्वायकमच्या सर्व जाती ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. म्हणून नवं लाकूड घेताना कागदपत्रं जरूर तपासावीत. त्याहून चांगलं म्हणजे मोडीत निघालेल्या जहाजाचं जुनं बेअरिंग शोधावं. त्यातून पिढ्यानपिढ्या टिकेल असा हातोडा होतो आणि त्यासाठी एकही झाड तोडावं लागत नाही.