एका जनुककुलाचा अधिकार : लिम-होमिओडोमेन प्रथिने, गर्भविकास आणि व्याधी

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तथापि यकृताची पेशी यकृताचीच राहते आणि चेतापेशी चेतापेशीच. ग्रंथ एकच, परंतु प्रत्येक पेशी त्यातील निराळे अध्याय वाचते, असा याचा अर्थ होय. कोणता अध्याय केव्हा वाचला जावा याचे नियमन करणाऱ्या प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजेच प्रतिलेखन घटक, असे म्हणतात. लिम-होमिओडोमेन हे त्यांतील एक प्राचीन कुल असून सस्तन प्राण्यांत त्याची १२ जनुके आढळतात.

कुलाच्या नावातील 'लिम' हा शब्द तीन नावांच्या आद्याक्षरांनी सिद्ध झाला आहे : सूत्रकृमीतील लिन-११ व मेक-३, आणि इन्सुलिनच्या जनुकाशी संलग्न होणारे सस्तन प्राण्यांतील आयलेट-१. या प्रथिनांचे दोन प्रमुख भाग असतात. साठ अमिनो आम्लांचे होमिओडोमेन डीएनएला जाऊन चिकटते. जस्ताच्या अणूंनी बांधलेले दोन लिम-भाग मात्र डीएनएला न चिकटता अन्य प्रथिनांशी जोडले जातात. म्हणूनच एकच घटक सहकारी बदलताच निराळे कार्य करू शकतो. शब्दाचा अर्थ वाक्यातील सान्निध्यावर अवलंबून असतो, तसाच हा प्रकार होय.

या घटकांचे गर्भातील कार्य समजून घेण्यास पाणिनीय व्याकरणातील अधिकारसूत्राची कल्पना उपयोगी पडते. अधिकारसूत्र स्वतः कोणतेही रूप सिद्ध करीत नाही. ते पुढील सूत्रांवर विशिष्ट मर्यादेपर्यंत सत्ता चालविते. काही प्रतिलेखन घटकही असेच आहेत. ते अवयव घडवीत नाहीत. 'येथून पुढे अमुक अवयव' एवढेच ठरवितात. त्यांच्या जनुकांस निवडक जनुके म्हणतात.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातील संशोधनाशी निगडित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातील संशोधकांसह केलेले कार्य २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंदराच्या ज्या गर्भांत काही पेशींतील एलएचएक्स-२ हे जनुक निकामी व इतरांतील कार्यक्षम होते, अशा गर्भांचा मेंदू त्यांनी अभ्यासिला. निकामी पेशी नष्ट झाल्या नाहीत. प्रमस्तिष्क-बाह्यक होण्याऐवजी त्यांनी मध्यवर्ती बाजूस 'हेम' म्हणजे किनारीचे रूप घेतले, तर बाहेरील बाजूस 'अँटिहेम'चे. एवढेच नव्हे, तर अस्थानी निर्माण झालेल्या किनारीने शेजारच्या निरोगी पेशींना, स्मृतीशी संबद्ध असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग घडविण्यास प्रवृत्त केले. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, एलएचएक्स-२ हे बाह्यकाचे निवडक जनुक होय. दुसरी, हेम हा हिप्पोकॅम्पसचा संघटक होय. हा अधिकार गर्भावस्थेच्या आरंभीच्या अल्प कालखंडापुरताच चालतो, हेही याच प्रयोगांतून दिसून आले. मर्यादा संपली की सूत्राचा अधिकारही संपतो.

मात्र येथे उपमेची सीमा ओळखली पाहिजे. व्याकरणात अधिकार नसेल तर नियम लागू होत नाही, इतकेच. गर्भात अधिकार हरपला की पेशी रिकामी राहत नाही. तिच्यात दडपलेला दुसरा पर्याय डोके वर काढतो.

याच कुलातील दोषांमुळे मनुष्यात व्याधी उद्भवतात. एलएमएक्स-१बी हे जनुक हातापायांची पाठीकडील बाजू ठरविते. त्याच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली तरी नख-जानुफलक विकार होतो, हे १९९८ साली निश्चित झाले. नखे खुरटी वा अपूर्ण असतात, गुडघ्याची वाटी लहान असते किंवा नसतेच. परंतु हेच जनुक मूत्रपिंडात व डोळ्यातही कार्य करीत असल्याने काही रुग्णांत मूत्रपिंडविकार अथवा काचबिंदू संभवतो. यास्तव सदोष नख हे केवळ नखाचे वैगुण्य समजू नये. अशा कुटुंबात मूत्राची व नेत्रांची नियमित तपासणी आवश्यक ठरते. अपत्यास हा दोष येण्याचा संभव प्रत्येक गर्भधारणेत निम्मा असतो. याउलट एलएचएक्स-३ च्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच पीयूषिका ग्रंथीची अनेक संप्रेरके उणी पडतात. पुष्कळदा मानही नीट वळत नाही. येथे वेळीच झालेले निदान मोलाचे असते, कारण उणी संप्रेरके बाहेरून देता येतात.

एकूण पाहता 'अमुक अवयवाचे जनुक' ही रूढ भाषा दिशाभूल करणारी आहे. नख, मूत्रपिंड व डोळा यांचे स्वतंत्र जनुक येथे कोठेही नाही. आहे तो एक नियामक, जो निरनिराळ्या संदर्भांत निरनिराळी आज्ञा वाहून नेतो. जो अभ्यासक जनुकाचा अर्थ त्याच्या संदर्भासह वाचील, त्यालाच नखावरून मूत्रपिंडाची शंका येईल.