पावले मोजून घडवलेले स्वयंपाकघर

पाठ आणि पाय दुखण्यामागे वयच असते असे नाही. काही वेळा कारण स्वयंपाकघराच्या मांडणीत असते. ही गोष्ट ध्यानात घेऊन १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात एक स्वयंपाकघर तयार झाले.

पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची मोठी टंचाई होती. नगररचनाकार अर्न्स्ट मे यांनी कमी खर्चाच्या वसाहती उभारायला घेतल्या. स्वयंपाकघराची जबाबदारी व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांच्याकडे आली. दोनच वर्षांपूर्वी त्यांना क्षयरोग झाला होता. कोंदट घराचा आरोग्याशी असलेला संबंध त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

कारखान्यात कामगारांच्या हालचाली मोजतात, तशा त्यांनी स्वयंपाकातल्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या. नमुना म्हणून रेल्वेच्या भोजनडब्यातले चिंचोळे स्वयंपाकघर होते. खोली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. खिडकीखाली भाजी चिरायचा ओटा, बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल, साली टाकायला ओट्यातच सोय, भिंतीवर दुमडणारा इस्त्रीचा फळा आणि तांदूळ-साखरेसाठी नावे लिहिलेले ॲल्युमिनियमचे कप्पे. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचे खण ओक लाकडाचे होते. सगळे भाग एकाच मापाचे असल्याने खर्च आटोक्यात राहिला. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली आणि त्यांची किंमत भाड्यातच धरली गेली.

पण त्यात उणिवाही होत्या. जागा एकाच माणसापुरती होती. मदतीला दुसरे कोणी आले तर अडचण व्हायची, आणि काम करणारी बाई घरातल्यांपासून तुटायची. खालचे कप्पे लहान मुलांच्या हाताला लागायचे. पावले वाचली, तरी सारे काम तिच्याच वाट्याला राहिले.

एकाच मापाचे फर्निचर स्वस्त पडते, पण माणसांची शरीरे एका मापाची नसतात. आपल्या घरातल्या ओट्यालाही हे लागू आहे. सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवा. ओटा कोपराच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली असेल, तर चिरताना कंबर वाकत नाही. तो फार खाली असेल तर जाड पाट ठेवून त्यावर चिरावे. फार उंच असेल तर चिरणे-निवडणे टेबलाशी बसून करावे. रोज लागणारे डबे खांदा आणि कंबर यांच्या मधल्या उंचीवर ठेवावेत. आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही ओट्याशी उभे राहायला जागा ठेवावी.