पावसानंतरचे आठ महिने

कोकणात कलम लावणं सोपं, जगवणं अवघड. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरातच पडून जातो. त्या चार महिन्यांत हापूसचं कलम खड्ड्यात बसवून नुसतं सोडून दिलं तरी ते हिरवंगार दिसतं. ऑक्टोबरात पाऊस गेला की जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, आणि पुढच्या आठ महिन्यांत कलमाचं काय ते ठरतं. सरकारलाही हे माहीत आहे. 1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड सुरू झाली, कोकणातले कितीतरी उजाड सडे आंबा-काजूखाली आले. आजच्या फळबाग योजनेतही अनुदान 3 वर्षांत विभागून मिळतं आणि पुढचे हप्ते जगलेली कलमं मोजूनच देतात.

आमची कलमं घरामागच्या उतारावर आहेत. वर वीतभर तांबडी माती, खाली कातळ. पहारीने फोडून 3 फूट लांब, रुंद, खोल असे खड्डे मे महिन्यातच काढून ठेवले होते, म्हणजे ऊन खाऊन आतली कीड मरते. मग चांगली माती, तीन-चार घमेली कुजलेलं शेणखत, दोन-अडीच किलो सुपर फॉस्फेट. खड्डा भरताना माती जमिनीच्या वर वीतभर चढवायची, कारण दोन जोरदार पावसांत ती खाली बसते. बसली की तिथे खळगा होतो, त्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून जुलै-ऑगस्टात पाऊस उघडला की फावडं घेऊन एक फेरी मारायची आणि बसलेल्या मातीवर पुन्हा भर घालायची.

त्या फेरीत माझी नजर आधी जोडावर जाते. आपल्याकडची बहुतेक कलमं कोय कलमं असतात. ही पद्धत दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणभर रुजवली. रायवळ आंब्याची कोय रुजवून तिच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळतात. जोड असतो जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. तो मातीखाली जाता कामा नये. पावसाचं पाणी वरून माती घेऊन येतं आणि पाहता पाहता जोड झाकून टाकतं, ती हाताने मागे सारावी लागते.

पट्टी ही दुसरी गोष्ट. पुष्कळदा रोपवाटिकेतून कलम पट्टीसकटच येतं. जोड सांधला की पट्टीचं काम संपलेलं असतं, पण ती आपणहून सुटत नाही. खोड जाड होतं, पट्टी तशीच राहते, आणि तिच्या वरचा भाग फुगून खाली खाच पडते. बाहेरून झाड ठणठणीत दिसतं आणि एखाद्या वादळी दिवशी नेमकं त्या खाचेत मोडतं. ब्लेडने पट्टीला उभी चीर द्यायची, सालीला धक्का न लावता, मग ती अलगद सोलून निघते. खाली पांढरट, ओलसर साल दिसते आणि तिच्यावर तिरकी रेघ, जिथे दोन झाडं एक झाली. कलमाशेजारी बांबूची काठी रोवून सुतळीने सैल बांधून ठेवलं की वाऱ्याची भीती कमी होते.

जोडाच्या खालून फुटवा आला तर तो रायवळचा. तो जोमाने वाढतो, म्हणून बघणाऱ्याला आनंद होतो. तो कोवळा असतानाच अंगठ्याने मोडून टाकायचा. दोन महिने दुर्लक्ष झालं की वरची हापूसची काडी वाळते आणि खालचं रायवळ मजेत वाढतं. कितीतरी परसांत लोक हापूस म्हणून असंच झाड वर्षानुवर्षं सांभाळत असतात.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. तांबूस, लवलवीत पालवी आलेली असते आणि सकाळी पाहावं तर पानं कात्रीने कापल्यासारखी आडवी कापलेली. देठाकडचा तुकडा झाडावर, उरलेलं पान खाली. शेजारच्या मुलांवर संशय घेऊ नये. हा पाने कापणारा भुंगा. मादी कोवळ्या पानात अंडी घालते आणि मग तेच पान कापून खाली पाडते. अळी पडलेल्या पानात वाढते आणि कोषासाठी मातीत शिरते. म्हणून फवारणीचा विचार करण्याआधी खाली वाकावं, पडलेलं एकूण एक पान वेचावं आणि जाळून टाकावं. घरच्या मोजक्या झाडांना एवढं पुरतं.

ऑक्टोबर लागला की आळी करायची. आमच्याकडे बागेचं काम बघायला तात्या येतात. पहिल्या वर्षी मी पाइप थेट बुंध्यावर धरला होता, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, खोडाला तहान नसते. आळ्याच्या कडेला द्या." बुंध्याजवळ मातीचा उंचवटा ठेवून त्याच्याभोवती गोल चर काढतात, पाणी त्या चरात. खोड कोरडं राहिलं की बुरशी धरत नाही, आणि मुळंही पाण्याच्या शोधात बाहेर पसरतात. काही आळ्यांत आम्ही मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. भरून वर झाकण ठेवलं की पाणी दिवसभर झिरपत राहतं. द्यायचं की नाही ते मी बोट खुपसून ठरवते: दोन पेरांवर माती गार लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

आच्छादनाला पातेरा किंवा भाताचा पेंढा, पण बुंध्यापासून हातभर लांब. चिकटून ठेवला की वाळवी चढते. दक्षिणेला आणि पश्चिमेला नारळाची झावळ तिरकी रोवायची, पूर्व मोकळी ठेवायची. सकाळचं ऊन झाडाला हवंच असतं. खतात फार डोकं घालू नये: पूर्ण वाढलेल्या, म्हणजे 10 वर्षांच्या कलमाला दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश लागतं आणि पहिल्या वर्षी त्याचा दहावा हिस्सा.

फेब्रुवारीपासून खरी धास्ती वणव्याची. सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, ठिणगी कुठूनही येते. जानेवारीतच कुंपणाबाहेरचं गवत रुंद पट्टा काढून साफ करावं लागतं. शेजाऱ्यांनाही सोबत घेतो, कारण एकट्याच्या पट्ट्याने आग थांबत नाही. भातकापणीनंतर मोकाट सुटलेली गुरं हीही तशीच सगळ्या वाडीची गोष्ट. गडग्याचा एक दगड ढासळला तरी त्यांना वाट मिळते.

आणि मोहोर. काडी जाणत्या झाडाची असल्यामुळे दुसऱ्याच वर्षी गुडघाभर कलमाला मोहोर येतो. तो खुडावा लागतो, निदान पहिली तीन-चार वर्षं, नाहीतर झाडाची सगळी ताकद दोन आंब्यांत जाते आणि फांद्या वाढत नाहीत. पुण्याहून मुलीचा फोन येतो, "आई, एक तरी आंबा राहू दे ना." मी तिला सांगते, या वर्षी नाही. आणि तात्या आले की आम्ही दोघं मिळून सगळा मोहोर खुडतो.